पाल्याचे नाव: चंद्रभान

माणसानं पोटच्या पोरीच्या फोनवर पाळत ठेवावी की ठेवू नये, यावर गावंड्यांच्या घरात कधीच चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती शेजारच्या जानरावांच्या ओट्यावर, आणि त्या ओट्यावर एकदा विषय निघाला की तो निकाली लागल्याशिवाय चहाचे कप आत जात नसत. जानराव निवृत्त मंडळ अधिकारी. नोकरीत असताना जीपमधून पाय खाली न टेकवता अख्ख्या गावाच्या पिकाची पैसेवारी काढण्यात, म्हणजे पीक किती आणे येणार ते ठरवण्यात, त्यांचा हातखंडा होता. निवृत्तीनंतर ते अकोल्याच्या त्या कॉलनीतल्या पोरापोरींची पैसेवारी काढत. कुठलं पीक हातचं जाणार, हे त्यांना नुसत्या चालीवरून कळे.

ते साल बोंडअळीचं. कापूस महाग झाला नाही, पण मोबाइलचा डाटा मात्र फुकटात वाटावा तसा स्वस्त झाला, आणि रिकाम्या शेताकडे बघून कंटाळलेलं अख्खं वऱ्हाड फोनमध्ये डोकं घालून बसलं. चंद्रभान गावंडेची मुलगी वैदर्भीही त्यातलीच. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्यानं तिला झगझगीत नवा फोन घेऊन दिला होता. स्वतः तो जुनाच वापरत होता, ज्याची काच तडकलेली होती आणि पाठीचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलेलं होतं.

चंद्रभान एका सरकारी कचेरीत टंकलेखक. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करून त्याच्या बोटांना स्वतःचं काही सांगायची सवयच उरली नव्हती. मन मात्र उनाड. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहता पाहता ते कुठल्या कुठे जाई. एकदा साहेबांच्या पत्रात ‘सदर रस्त्याचे काम निकृष्ट असून’ याच्या पुढे ‘पाखरे परतली आहेत’ असं टाइप होऊन गेलं आणि साहेबांनी न वाचता सही केली. पुढे वरून खुलासा मागवण्यात आला की कोणती पाखरे. त्या खुलाशाचा मसुदाही चंद्रभाननंच टाइप केला.

तर वैदर्भी. दहावीपर्यंत ही पोरगी शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी बोलायला लागे. बाईंची साडी, मैत्रिणीचं भांडण, डब्यात कोणी काय आणलं, सगळं बापाच्या कानावर घातल्याशिवाय तिला पाणी गोड लागत नसे. अकरावीत गेली आणि सगळं ‘हं’वर आलं. चंद्रभाननं कितीही लांब प्रश्न विचारला तरी उत्तर एका अक्षराचं. खरं सांगायचं तर त्याला काळजी वाटत नव्हती. त्याला करमत नव्हतं. पण बापाला करमत नाही हे ओट्यावर सांगण्याजोगं दुखणं नाही, म्हणून त्यानं काळजीचं नाव पुढे केलं.

“जेवतानी फोन ताटाजोळ ठेवते,” तो जानरावांना म्हणाला.

“उताना का पालथा?”

“पालथा.”

जानरावांनी कप खाली ठेवला. “पालथा! गावंडे, उताना असता तं मी काई बोललो नसतो. अन् मी म्हनतो, नाव ठेवतानीच तुमी इचार करायले पायजे होता. वैदर्भी म्हंजे कोन? रुक्मिनी. कौंडण्यपुराहून तिनं थेट द्वारकेले निरोप धाडला. घरात बाप होता, भाऊ होता, पायरेकरी होते. लागला कोनाले पत्ता? अन् तवा फोन नव्हता बरं का.”

चंद्रभान दर कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला जायचा, वर्धेत पाय बुडवायचा, रुक्मिणीपुढे डोकं टेकवायचा. त्या गोष्टीकडे मुलीच्या बापाच्या बाजूनं पाहावं असं त्याला आजवर सुचलं नव्हतं. राजा भीष्मकाबद्दल त्याला पहिल्यांदाच कळवळा आला. बिचारा राजवाड्यात लग्नाच्या याद्या करत बसला असेल.

दुसऱ्याच दिवशी तो ‘पडदा फुटू नये म्हून वरून काच लावून आनतो’ म्हणून वैदर्भीचा फोन घेऊन बाहेर पडला. जानरावांनी सांगितलेल्या शाकीबच्या मोबाइलच्या दुकानात गेला, तर तिथं तीन-चार गिऱ्हाइकं उभी. सगळ्यांसमोर ‘मला माझ्या मुलीचे मेसेज वाचायचे आहेत’ असं म्हणायला जीभ रेटेना. त्यानं दोन्ही फोन काउंटरवर ठेवले आणि कचेरीच्या भाषेत, कर्ता गाळून बोलायला सुरुवात केली.

“यातला एक फोन पालकाचा हाय, एक पाल्याचा. पाल्याच्या फोनवर लक्ष ठेवन्याची येवस्था व्हायले पायजे.”

“समज गया, चाचा. ‘दक्ष पालक’ टाकून देतो. पोट्ट्याचा मेसेज आला, गेला, अर्धा लिहिला तरी पालकाच्या फोनवर आपोआप दिसते. कुठी गेला ते बी दिसते. फोन बंद करायचा, थे बी घरबसल्या. तुमी चहा पिऊन या.”

चंद्रभानला तिथं उभं राहणं नकोच होतं. तो चहाला गेला. इकडे शाकीबनं दोन्ही फोन हातात घेतले. एक चकचकीत, नवा, पडद्यावर शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो. दुसरा फुटका, रबर लावलेला, पडद्यावर दोन वेण्या घातलेल्या लहान मुलीचा फोटो, आत रंगीत गोट्या फोडायचा गेम. महाराजांचा फोटो वैदर्भीच्या आईनं, शकुननं, परीक्षेच्या आधी मुलीच्या फोनवर लावून घेतला होता आणि लहान मुलीचा फोटो चंद्रभाननं स्वतः. पण हे शाकीबला कोण सांगणार? त्याच्या जागी दुसरा कोणी शहाणा असता तरी त्यानं तेच केलं असतं. देवाचा फोन पालकाचा, गोट्यांचा फोन पाल्याचा. त्यानं तसं बसवून दिलं आणि ‘पाल्याचे नाव’ या रकान्यात, जुन्या फोनवर जे नाव सापडलं ते घालून टाकलं.

घरी वैदर्भीनं फोन घेतला, थोडा वेळ पाहिला, मग बापाकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं.

“काच चांगली बसवली, बाबा,” ती म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं होतं. चंद्रभानला तेवढ्यावरच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

मग तो मेसेजची वाट पाहू लागला. एक दिवस गेला, आठवडा गेला, काही नाही. दिवाळीचा फराळ संपला तरी वैदर्भीच्या फोनवरून एक अक्षर इकडे आलं नाही. चंद्रभानचा ऊर भरून आला. ज्या काळात पोरं दिवसाला शेकडो मेसेज पाठवतात त्या काळात आपली लेक एकही पाठवत नाही! त्यानं हे कॉलनीभर सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. मनात मात्र थोडी खंतही होती, कारण तिच्या मनात काय चाललंय ते कळेल म्हणून हा खटाटोप आणि तिथंही पुन्हा ‘हं’सुद्धा नाही.

जानराव बधले नाहीत. “काईच येत नाई म्हंजे पोट्टी तुमच्याहून हुशार हाय,” एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास चंद्रभानच्या आयुष्यात चमत्कार घडू लागले. डॉक्टरांनी त्याला तळलेलं बंद केलं होतं आणि तो कचेरी सुटल्यावर कचोरीच्या गाडीवर थांबतच होता. आता असं होऊ लागलं की कचोरी फोडून त्यात चिंचेची चटणी घातली की नेमका वैदर्भीचा फोन.

“बाबा, कुठी हाय?”

“कचेरीत.”

“अस्सं. लवकर या.”

एकदा झालं, दोनदा झालं. त्यानं गाडी बदलली, रस्ता बदलला, एकदा तर बसस्टँडच्या मागे जाऊन खाल्ली. फोन आलाच. त्याला वाटलं, ही मनाची तार. बाप कुठे चुकतोय ते लेकीला आतून कळतंय. त्यानं भरल्या डोळ्यांनी कचोरी सोडली. शकुनला सांगितलं तर ती म्हणाली, “माह्या मनाची तार वीस वरसं झाले वाजून रायली, थे नाई आयकू आली कधी.”

दुसरा चमत्कार घुबडाचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी फोनचा पडदा निळा होई, चष्मा लावलेलं एक घुबड येई आणि खाली अक्षरं उमटत: ‘प्रिय बाळा, आता अभ्यासाची वेळ झाली आहे.’ मग फोन कशालाच दाद देत नसे. चंद्रभाननं त्याचा सरळ अर्थ घेतला. दक्ष पालकाला आठवण करून देण्यात येत आहे की पाल्याला अभ्यासाला बसवा. तो लगेच वैदर्भीच्या खोलीत जाई. ती आधीच पुस्तक उघडून बसलेली असे आणि त्याला पाहून ओठ दाबून खाली मान घाली. तोही तिथंच पलंगावर टेकून बसे. गोट्या फोडता येत नसल्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तिचं पेन चाले, खिडकीतून पारिजातकाचा वास येई आणि बसल्याबसल्या त्याचा डोळा लागे. अशा किती संध्याकाळी गेल्या! त्याला वाटे, हे घुबड मोठं भल्या मनाचं आहे.

कचेरीत एकदा साहेबांनी त्याच्या फोनमधले काही आकडे बघायला मागितले तेव्हा मात्र घुबड भरदुपारी आलं. साहेबांनी पडदा वाचला, चष्म्यावरून चंद्रभानकडे पाहिलं आणि म्हणाले, “बसा, गावंडे. करा अभ्यास.” तो दिवस चंद्रभानला फार जड गेला. कचेरीत त्याला बाळ म्हणायला लागले.

आणि मग तो मेसेज आला. ‘आपल्या शेतात मोबाइल टॉवर बसवा. घरबसल्या दरमहा भाडे मिळवा. संपर्क: पल्लवी मॅडम.’

बाळापूरच्या बाजूला चंद्रभानचं चार एकर काळं रान होतं, आजोबांपासूनचं. पुंजाराम ते बटाईनं करायचा. दर रविवारी त्याचा फोन येई आणि या वर्षी तो काही नवीन सांगत नसे. “बोंड फोडून पाह्यलं, भाऊ. आत अळी अशी झोपली रायते, जसं आपल्याच घरचं लेकरू. मारू तं कशी मारू?” शेवटच्या फोनमध्ये तर त्यानं कापसाची पऱ्हाटीच उपटून टाकू का म्हणून विचारलं होतं. चंद्रभान ‘पाहू’ म्हणाला होता. ‘पाहू’ म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

टॉवरला अळी लागत नाही. ही गोष्ट एकदा डोक्यात आली आणि चंद्रभान जागेवरून हलला. कडुनिंबाकडे पाहिलं तर कडुनिंब दिसेना, टॉवर दिसे. त्यानं पल्लवी मॅडमना पहिला मेसेज लिहिला तो असा: ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदाराची जमीन मन नदीलगत असून टॉवरसाठी योग्य आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’

उत्तर आलं, ‘ओके सर.’

सर! उभ्या नोकरीत त्याला कोणी सर म्हटलं नव्हतं. त्यानं दुसरा मेसेज लिहिला. मग तिसरा. हळूहळू ‘सविनय’ गळालं, ‘अनुसरून’ गळालं, आणि इतकी वर्षं बोटांत अडकून पडलेलं सगळं बाहेर यायला लागलं. ‘मॅडम, आमच्या बांधावर उभं राहिलं की नदी दिसते. पाणी नसते तिच्यात, पण संध्याकाळी वाळू अशी चमकते की बगळेसुद्धा फसतात आणि उतरतात.’ ‘मॅडम, टॉवरच्या टोकावर लाल दिवा असतो ना? तो कधी विझत नाही ना? मी त्याच्याखाली बाज टाकणार आहे.’ ‘मॅडम, माझी मुलगी पुढे अमरावतीला शिकायला जाईल. सुट्टीत बसनं येताना लांबूनच तिला तो दिवा दिसेल. शेजारी कोणी बसलं असेल त्याला ती सांगेल, तो आमचा. मुलगी आजकाल माझ्याशी बोलत नाही. मी तिला कंटाळवाणा वाटत असेन. पण दिव्याबद्दल ती नक्की सांगेल.’

पल्लवी मॅडम प्रत्येकाला ‘ओके सर’ लिहीत. पुढे पुढे ‘ओके सर, फाइल चार्ज कधी भरता’ असं लिहू लागल्या. चंद्रभानला त्यात एवढंच दिसे की मॅडम सगळं वाचतात.

फाइल चार्ज भरायचा तर पैसे हवेत. घरात पैसे होते, वैदर्भीच्या अमरावतीच्या होस्टेलसाठी बाजूला ठेवलेले. चंद्रभाननं स्वतःला समजावलं की दोन-तीन महिन्यांत भाडं सुरू होईल, ते पुन्हा जागच्या जागी जातील, शकुनला कळणारही नाही. हे समजावताना त्याला रात्री झोप लागली नाही, इतपत तो भला माणूस होता. पण सकाळी तो बँकेत गेलाच.

रांग मोठी होती. पल्लवी मॅडमचा खाते नंबर फोनमध्ये होता. रांग सरकेपर्यंत काय करावं म्हणून त्यानं लिहायला घेतलं: ‘मॅडम, काल स्वप्नात टॉवर उभा राहिला. मी वर चढलो. भीती वाटली नाही. वरून बाळापूरचा किल्ला मुठीएवढा दिसत होता. मग दूर अमरावती दिसली. तिथं होस्टेलच्या गच्चीवर वैदर्भी उभी होती. ती’

घुबड आलं.

चंद्रभाननं फोन झटकला. रबर काढून पुन्हा लावलं. घुबड चष्म्यातून पाहत राहिलं. आज त्याच्याखाली अक्षरंही जास्त होती: ‘प्रिय बाळा, आज दिवसभर अभ्यासाची वेळ आहे.’ तोवर त्याचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी खाते नंबर विचारला.

“देतो. आत्ता देतो. नंबर याच्यात हाय, पन हे घुबड...”

“कोण?”

मागच्या माणसानं मान लांबवून पडदा वाचला आणि रांगेला मोठ्यानं सांगितलं, “अभ्यास करायचा हाय म्हन्ते त्यायले.” रांग हसली. बँकेतला शिपाईसुद्धा हसला, ज्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मॅडमना फोन करावा तर फोन बंद. चंद्रभान रांगेतून बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते. कचेरीत बाळ, बँकेत बाळ. तो तडक शाकीबच्या दुकानात गेला आणि फोन काउंटरवर आपटला.

“हे काय लावून देल्लं तुनं?”

शाकीबनं फोन पाहिला. “चाचा, यात काय बिघडलं? पाल्याचा फोन पालकानं बंद केला. बराबर चालून रायलं.”

“कोन पाल्य? हा माहा फोन हाय!”

शाकीब थांबला. “अन् तो चकाचकवाला? महाराजवाला?”

“तो पोरीचा.”

शाकीबनं कपाळाला हात लावला. “या अल्ला! चाचा, असा कोन बाप असते बाप्पा, पोरीले नवा फोन देते अन् सोता रबर लावून फिरते?”

कोपऱ्यात चार्जर पाहत उभं असलेलं एक गिऱ्हाईक मान वर न करता म्हणालं, “सगळेच.”

चंद्रभानला समजायला वेळ लागला. समजलं ते एकदम नाही, जिना उतरावा तसं एकेक पायरी समजलं. कचोरी. संध्याकाळचं घुबड. ओठ दाबून खाली घातलेली मान. आणि मग शेवटची पायरी.

“म्हंजे माहे मेसेज...”

“सगळे. दिवाळीपासून.” शाकीबनं आपल्या संगणकाला तार जोडून घुबड हटवलं आणि पडद्यावरचा अर्धवट मेसेज त्याच्या नजरेस पडला. वर नाव होतं पल्लवी मॅडम. त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि समोर धरला. ‘आपल्या शेतात मोबाइल टॉवर बसवा.’ तेच शब्द, तीच पल्लवी मॅडम.

“माह्याकडे तं शेत सोडा, गच्चीबी किरायाची हाय, चाचा,” तो हळूच म्हणाला. “पैसे तं नाई देल्ले ना?”

चंद्रभाननं नाही म्हणून मान हलवली. शाकीब म्हणाला पाच मिनिटांत सगळं उलटं करून देतो, पालकाचं पालकाला आणि पाल्याचं पाल्याला. चंद्रभान म्हणाला, काढूनच टाक. त्यानं ते काढलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरापर्यंतचा रस्ता त्याला पुरला नाही, म्हणून दिवसभर तो शहरभर भटकत राहिला. चिडावं म्हणून त्यानं बरेच प्रयत्न केले. बापाचे मेसेज वाचते! बापाला बाळ म्हणते! पण राग धरून ठेवावा तर तो निसटे आणि खाली लाज निघे. बगळे तिनं वाचले. बाज वाचली. मुलगी आजकाल बोलत नाही, हे वाचलं. मी कंटाळवाणा वाटत असेन, हेही. आणि होस्टेलचे पैसे. इतकं उघडं तो आजवर कोणापुढेच पडला नव्हता, शकुनपुढेही नाही. आणि टॉवर गेला. तो कधी नव्हताच, हे खरं, पण गेला तेव्हा शेतात आहे तेवढा अंधारही जास्त वाटायला लागला.

घरी आला तेव्हा शकुन मागच्या घरच्या इंदूबाईंकडे तुरीच्या शेंगा सोलायला गेली होती. वैदर्भी आपल्या घराच्या पायरीवर बसली होती, फोन मांडीवर. ती कॉलेजला गेलेली नव्हती. दिवस मावळायला आला होता आणि समोरच्या पडीत मैदानातून धूळ सोनेरी होऊन वर चढत होती. तो तिच्याकडे न पाहता पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“शाकीबकडे गेलतो,” तो म्हणाला.

“मालूम हाय. दिसलं.”

“मी तुह्यावर नजर ठेवनार होतो.”

“तेबी मालूम हाय.”

“समदं वाचलं तुनं?”

“हो.”

“थे टॉवर खोटं होतं.”

“मले पैल्याच मेसेजले समजलं होतं, बाबा. शाळेत सांगतलं होतं आमाले.”

आता मात्र चंद्रभानला खरोखर राग आला. “मंग बोलली काहून नाई? पैसे घेऊन बँकेत गेलो मी! तुहे पैसे! एक शबद बोलली असती तं मी येवढा...”

वैदर्भी फोनवरून बोट फिरवत राहिली. “पैसे मी जाऊच देनार नव्हती. सकाळपासून फोन घेऊन बसली हाय, कॉलेजबी बुडवलं. पन बोलली असती तं तुमचं लिहिनं बंद झालं असतं. बगळ्यायचं थे... बाबा, तुमी असं काई बोलता हे मले मालूमच नव्हतं. घरी तुमी ‘जेवली का’ अन् ‘अभ्यास झाला का’ येवढंच इचारता. त्याले मी काय सांगू? म्हून नुसतं ‘हं’. तिकडे त्या बाईले येवढं लिहून रायले होते, अन् थे नुसतं ‘ओके सर’. मले इतका राग ये तिचा! वाटे, मी असती तं किती लिहिलं असतं.”

चंद्रभाननं समोरच्या धुळीकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं त्यानं ते पुसले. बऱ्याच वर्षांत त्याला इतकं बरं आणि इतकं वाईट एकाच वेळी वाटलं नव्हतं.

“टॉवर काई येनार नाई आता, बाई,” तो म्हणाला.

“नोका येऊ द्या.” ती पायरीवरून सरकून त्याच्याजवळ आली. “पन आजचा मेसेज अर्धाच रायला. फोन मीच बंद केला, मंग मलेच चैन पडेना. तुमी टॉवरवर चढले, अमरावती दिसली, अन् मी होस्टेलच्या गच्चीवर उभी होती. पुढं?”

“पुढं काई नाई.”

“सांगा ना. मी काय करून रायली होती तिथं?”

जानराव आपल्या ओट्यावरून मान वाकडी करून पाहत होते. शेजारी कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. चंद्रभान आठवत होता की आत्ताच रचत होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“फोनवर बोलून रायली होती,” तो म्हणाला. “मोठ्यानं हासून रायली होती.”

“कोनासंग?”



“थे काई पाह्यलं नाई मी,” चंद्रभान म्हणाला. “तू हासून रायली होती, तेवढं पाह्यलं अन् खाली उतरलो.”